बोटावरची घुटी

सरकारी दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. महिनाभरात त्या बाकावर मी कितीतरी वेळा बसले. शेजारी दर वेळी कुणी ना कुणी नवीन माणूस असायचा, कुत्रं चावलेला पाय पुढे करून बसलेला. वेळ जात नाही म्हणून सगळे आपापली हकिगत सांगायचे. माझी पाळी आली की मी गप्प. आम्हाला कुत्रं चावलंच नव्हतं. चावलं असतं तर कळलं तरी असतं.

म्हणून हे लिहून काढते आहे. हाल झालेलं पिल्लू घरी आणायचा विचार करत असाल तर जरूर आणा, नको म्हणणारी मी कोण. फक्त आमच्या घरात काय झालं ते वाचून मग आणा. मी डॉक्टर नाही. रायपूरच्या शंकर नगरात एका सरकारी ऑफिसात आवक-जावक बघते. प्रत्येक कागदावर शिक्का पाहिजे, तारीख पाहिजे, असा माझा स्वभाव. घरचे त्याला खडूसपणा म्हणतात. अशा बाईच्या नाकाखाली हे झालं.

फुटू

आमचं घर गुढियारीत, मालधक्क्यापासून जवळ. माझा नवरा विलास रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कामावर आहे. मुलगी श्रुती सतरा वर्षांची. तिला मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत देते. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं. रायपुरात जन्म गेला तरी त्यांची बोली तिकडचीच राहिली.

मे महिना होता. श्रुतीची परीक्षा संपलेली, रिकामी पोट्टी, आणि रिकाम्या पोट्टीला जगाची काळजी फार. जनावरं सोडवणाऱ्या काही मुली तिच्या ओळखीच्या होत्या. त्यांना एका गोदामामागे हे पिल्लू मिळालं. प्लास्टिकच्या सुतळीनं बांधलेलं, सुतळी मानेत रुतलेली, पुढ्यात पाण्याचं भांडंसुद्धा नाही. तीनेक महिन्यांचं असेल. खरुजेनं अंगावरचे केस गेलेले, पोट फुगलेलं, डोकं तेवढं मोठं. पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीला इकडे फुटू म्हणतात. श्रुतीनं त्याला पाहिलं आणि नाव ठेवलं, फुटू.

आई दारातच आडव्या उभ्या. "माया, हे आत नको घेऊ. याच्या अंगावरचं आपल्या अंगावर येईन." मी बाजूनं त्याला आत घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याच आई पायरीवर बसून त्याला करंजाचं तेल लावून राहिल्या होत्या.

जनावरांच्या डॉक्टरांकडे पहिल्याच दिवशी, शनिवारी, नेलं होतं. तरुण बाई, फार धीरानं बोलणाऱ्या. खरूज, गोचीड, जंत, रक्त कमी, अशी त्यांनी सांगितलेली यादी मी वहीत लिहून घेतली. त्याच्या मागच्या पायावर दातांची एक जुनी खूण होती, वाळलेली. सोबत आलेली मुलगी म्हणाली, "किसी कुत्ते ने पकड़ा होगा, सूख गया है।" डॉक्टर थोडा वेळ ती खूण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अभी बहुत कमज़ोर है। टीका अगले हफ़्ते के बाद, सोमवार को।" मी वहीत लिहिलं, टीका, म्हणजे लस, सोमवार. पायावरची खूण लिहिली नाही. वाळलेली जखम कोण लिहितं?

आता कुणी विचारलं की पिल्लू आणताना सगळ्यात आधी काय बघायचं, तर मी सांगते, त्याला कोण चावलं आणि कधी, ते विचारा. उत्तर मिळणार नाही. तरी विचारा, आणि उत्तर मिळालं नाही हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

सहा चांगले दिवस

ते सहा दिवस खरोखर चांगले होते, हे लिहिलं पाहिजे. दूधभात वाटीत पडायचा अवकाश, फुटू चारही पाय वाटीत घालून जेवायचा. झोपायचा तो आईंच्या पावलावर, दुसरीकडे कुठे नाही. आईंचे गुडघे दुखतात, पाय हलवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, पण तो झोपला की हलायच्या नाहीत. "याचं कोणी केलंच नाही न व," त्या मला म्हणाल्या, "जन्मल्यापासून कोणीच नाही."

आईंबद्दल एक सांगायचं राहिलं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणाकडे बाळ झालं की घुटी उगाळायला आईंना बोलावणं येतं. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, कशाचे सहाणेवर किती वेढे घ्यायचे ते बाळाच्या वयाप्रमाणे त्यांना पाठ आहे. चमचा-बिमचा त्यांना चालत नाही. उगाळलेलं बोटावर घ्यायचं आणि बाळाच्या तोंडात आतून लावायचं. मराठी असो की छत्तीसगढी, आमच्या गल्लीतली अर्धी पोरं आईंचं बोट चोखून मोठी झाली आहेत. त्याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो खोटा नाही.

शुक्रवारी फुटूनं खाणं सोडलं. कूलरच्या मागे अंधारात जाऊन बसला. तोंडातून लाळ गळत होती आणि मधूनच काही गिळायला बघतोय असं करायचा. त्या आठवड्यात ऊन असं होतं की माणसांनाही जेवण जात नव्हतं. आम्ही म्हटलं, लू लागली. विलास म्हणाला, "आजच दाखवून आणू." मी म्हटलं, सोमवारी टीक्याला न्यायचंच आहे, दोन चकरा कशाला. हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

निदानाचा दिवस

सोमवारी सकाळी त्याचे मागचे पाय लटपटत होते आणि खालचा जबडा लोंबत होता. टॉवेलात गुंडाळून नेला. श्रुती बरोबर होती. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदाच नीट पाहिलं आणि एकावर एक असे दोन हातमोजे चढवले. त्यांनी पाण्याची वाटी पुढे केली. फुटूनं तोंड घातलं, खूप वेळ घातलं, पण वाटीतलं पाणी कमी झालं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "दीदी, दो ही बातें हो सकती हैं। डिस्टेंपर, वो कुत्तों की ही बीमारी है, या रेबीज़। देखकर पक्का कोई नहीं बता सकता।"

"टेस्ट?" मी विचारलं.

"पक्की वाली टेस्ट मरने के बाद ही होती है।"

इतक्या लहान पिल्लाला रेबीज? पिसाळलेलं कुत्रं म्हणजे मोठं, अंगावर धावून येणारं, असंच मी समजत आले होते. हा तर नुसता बसून होता, बिचारा. डॉक्टर म्हणाल्या की असंही असतं. नुसतं बसून राहतं, जबडा पडतो, घशात काही अडकल्यासारखं दिसतं. लोक तोंडात हात घालून हाडूक शोधतात, आणि तिथेच फसतात.

मग त्यांनी विचारलं, "किसी को काटा?"

"नहीं."

"मुँह में किसी ने हाथ डाला? हाथ से कुछ खिलाया, दवा चटाई?"

"नहीं, कटोरी में ही देते हैं." मी सांगितलं. ठामपणे, ऑफिसात सांगते तसं. घरात काय चालतं ते सगळं मला माहीत असतं अशी माझी समजूत. त्या दिवशी त्या समजुतीवर मी स्वतःच्या हातानं शिक्का मारला.

डॉक्टरांनी त्याला शांतपणे कायमचं झोपवून द्यायचंही विचारलं. श्रुती माझ्याकडे बघत होती. मला हो म्हणता आलं नाही. आज वाटतं, म्हणायला हवं होतं. डॉक्टरांनी मग सांगितलं की वेगळा ठेवा, कुणीही हात लावू नका, आणि ज्यांना त्यानं चाटलंय त्या सगळ्यांनी आजच इंजेक्शन घ्या.

आम्ही तिघं त्याच दुपारी गेलो. आई आल्या नाहीत. "मले कुठं चावलं? न चावता चावल्याचं इंजेक्शन कायले घेऊ?" विलास रात्रपाळीनं थकलेला होता, म्हणाला, आज राहू दे, उद्या नेऊ. मीही म्हटलं, उद्या.

मोरीचं दार

मागच्या अंगणात मोरी आहे, तिच्या लोखंडी दाराला खालून जाळी. फुटूला तिथे ठेवलं. जाळीतून तो दिसायचा. त्याचा आवाज बदलला होता, भुंकणं नाही आणि रडणंही नाही, काहीतरी तिसरंच. श्रुतीनं हाक मारली की दोन पायांवर ओढत ओढत जाळीकडे यायचा आणि जबडा जाळीला टेकवायचा.

श्रुती दोन हात लांब बसायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. मला म्हणाली, "मम्मी, वो सोचेगा हम भी वैसे ही निकले।"

ज्यानं बांधून ठेवलं त्यानं हात लावला नाही, आणि आम्ही आणलं, आम्हीही लावत नव्हतो. त्याला दोन्हींतला फरक कसा कळणार होता? इतकी लाचार मी माझ्या बाळंतपणातही झाले नव्हते. घरात करंजाचं तेल होतं, दूध होतं, मऊ चादर होती, चार माणसांचे आठ हात होते. त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

विलास रागाच्या भरात श्रुतीला बोलला, "हौस फिटली?" पोट्टी त्या दिवशी जेवली नाही. मग मी विलासला बोलले, मग विलास मला, की शुक्रवारीच नेलं असतं तर. त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त गॅस बंद केला का, दार लावलं का, एवढंच बोललो.

मंगळवार

मंगळवारी सकाळी मी चहाला आत गेले तर आई ओट्याशी बसून सहाणेवर काही उगाळत होत्या. मला वाटलं शेजारी कुणाचं बाळ आजारी असेल.

"कोणासाठी?"

"याच्यासाठी. शुक्करवारपासून देऊन राहिली. थोडं थोडं जाते आत."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "कशानं देता?"

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "बोटानं. अजून कशानं?" आणि मग आपणहून सांगितलं, "पहिल्या दिवशी मले वाटलं घशात हाडूक हाये. दोन बोटं घालून पाह्यलं. काही नव्हतं."

मी त्यांचा हात ओढून घेतला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला आडवा काप होता. गुरुवारी लोणच्याच्या कैऱ्या फोडताना विळी लागली होती. वरून हळद दाबलेली, आणि रोज तेच बोट सहाणेवर, तेच त्याच्या तोंडात, म्हणून जखम मिटायचं नाव घेत नव्हती.

"काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही... मी घरी येऊन सगळं सांगितलं ना तुम्हाला? तेव्हा काहून नाही बोलल्या?"

"तू म्हणाली चावलं का. चावलं नाही. मंग काय सांगू? आणि इतलुसं लेकरू, त्याचा कायचा रोग?"

चूक त्यांची नव्हतीच. जन्मभर ज्या बोटानं लेकरं बरी केली तेच बोट त्यांनी पुढे केलं. उपाशी पिल्लू समोर असताना दुसरं त्यांना येत काय होतं?

नळाखाली हात धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुतला. घड्याळ बघून. आई म्हणत होत्या, "पुरे न व, हळद धुऊन गेली सगळी." जखमेवर हळद, चुना, तिखट काही भरू नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते. लोक हसतात. हसू देत.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "देर हुई है, पर अभी भी देना ही है।" आईंना नुसती लस पुरणार नव्हती, एक वेगळं औषध थेट जखमेत, बोटाच्या मांसात टोचायचं होतं. बोटाला जागा ती किती. मी त्यांचा खांदा धरून उभी होते. तिथल्या सिस्टरनं आईंचा दुसरा हात आपल्या हातात घेतला आणि छत्तीसगढीत म्हणाली, "झन डर दाई, थोरकुन पिराही." घाबरू नको आई, थोडंसंच दुखेल. त्या सगळ्या दिवसांत आमच्या घरातल्या माणसाचा हात इतक्या सहज धरणारी ती एकटीच. मला तिचं नावही माहीत नाही. आई ओरडल्या नाहीत. डोळे मिटून पुटपुटत राहिल्या. मला वाटलं बुद्धवंदना म्हणत असतील. बाहेर आल्यावर कळलं की त्या फुटूचं काय ते विचारत होत्या.

फुटू बुधवारी दुपारी गेला. श्रुती जाळीसमोर बसली होती. तिनं हाक मारली, तो आला नाही. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, नक्की काय होतं ते कळायला हवं असेल तर मेंदूची तपासणी होऊ शकेल, पाठवायची व्यवस्था करावी लागेल. म्हणजे त्याचं डोकं कापावं लागणार. श्रुती ऐकत होती. आम्ही नको म्हटलं. विलासनं हातमोजे घालून त्याला चादरीत गुंडाळलं, खोल खड्डा खणला, चुना टाकला. त्यामुळे फुटूला काय झालं होतं ते आम्हाला कळलं नाही, आता कधी कळणारही नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी तपासणी करून घ्यावी. न कळण्यानं पुढचा महिना कसा जातो, ते मी सांगते.

पाणी

डॉक्टर म्हणाले होते, सगळी इंजेक्शनं वेळेवर घ्या आणि निश्चिंत राहा. आम्ही एकही तारीख चुकवली नाही. निश्चिंत राहणं मात्र जमलं नाही. शुक्रवारपासून मंगळवारपर्यंतचे ते इंजेक्शनाविना गेलेले चार दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हते. मोबाइलवर नको नको ते वाचायची. सगळीकडे एकच, माणसाला हा रोग झाला की पाणी गिळता येत नाही.

आई सकाळी उठल्या उठल्या ग्लासभर पाणी पितात. त्या वेळी आम्ही तिघंही काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात असायचो. विलास डबा शोधायचा. श्रुती फ्रिज उघडून उभी. मी पीठ मळत. पाणी घशाखाली उतरलं की तिघंही पांगायचो. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं.

आणि मी आणखी एक गोष्ट केली होती. आईंचा स्टीलचा ग्लास वेगळा ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं मला. घरात पोरगी आहे, असावी आपली खबरदारी. ग्लास खिडकीत ठेवायचा, वेगळा घासायचा. श्रुतीला हळूच सांगून ठेवलं, आजीचा ग्लास घेऊ नको.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी आम्ही सासू-सून ऑटोनं घरी आलो. विलास कामावर, श्रुती कॉलेजच्या फॉर्मसाठी गेलेली. आई स्वयंपाकघरात पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, "माह्या ग्लासात पाणी दे."

मी खिडकीतला ग्लास घेतला, भरून दिला. त्या सावकाश प्यायल्या. अर्धा झाल्यावर थांबल्या. "पाह्यलं? गेलं ना खाली?"

मी मान खाली घातली.

"माह्या बापाचा कप," आई म्हणाल्या, "गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीले टांगून राहे. तो चहा पिये, स्वतः धुये, परत टांगे. मी लहान होती. मले वाटे, बाबाचा कप कोणीच घेत नाही, केवढा मान हाये बाबाचा." त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. "तू ग्लास खिडकीत ठेवला न, त्याच दिवशी मले दिसलं. म्हटलं भेली असन. भेणं काही वाईट नाही. पण मले सांगून ठेवाचं होतं व, माया."

याच घरात मी सून म्हणून आले, कपाची ती गोष्ट माझ्याही माहेरची, माझ्याही आजोबांची. आणि माझ्या स्वतःच्या हातानं मी ती आणून खिडकीत ठेवली होती. ग्लासानं असं काही होत नसतं, हे सिस्टरनं मला पुढे कधीतरी भेटल्यावर सांगितलं, आणि वर म्हणाली, पहले पूछ लेना था दीदी. पण त्या दुपारी ते मला माहीत नव्हतं, आणि आईंनाही नव्हतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले, त्यांच्या हातातून ग्लास घेतला आणि उरलेलं पाणी प्यायला लागले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. आई एकदम पुढे वाकल्या आणि तोच दुखरा हात घालून ग्लास माझ्या तोंडापासून ओढायला लागल्या. "नको व, नको पिऊ. तुही पोट्टी लहान हाये अजून."

तोवर पाणी पिऊन झालं होतं.